दुसरा गिअर आणि कब्रस्तानाचं वळण

गाडी वळणाच्या मधोमध आचका देऊन बंद पडली, तेव्हा आत आम्ही तिघं होतो आणि तिघांचेही दोन्ही हात तोंडावर होते. सहा हात, आणि स्टिअरिंगवर एकही नाही. चालवत होते मी. शेजारी परीक्षा घेणारे साहेब, मागे मला गाडी शिकवणारे बोतिरदादा, आणि उजव्या हाताला आमच्या मोहल्ल्याचं कब्रस्तान. कब्रस्तान आलं की तळवे पुढे धरायचे, गेलेल्यांसाठी दोन शब्द पुटपुटायचे आणि तळवे तोंडावरून फिरवायचे, ओमीन. आमच्या कोकंद शहरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. अख्खी बस करते, बसचा ड्रायव्हरही करतो, आणि आजवर कुणी त्याला त्याबद्दल काही बोललेलं नाही. पण बसचा ड्रायव्हर सरळ रस्त्यावर असतो. मी पुलाच्या उतारावरून येत होते, तिसऱ्या गिअरमध्ये, डावा पाय क्लचवर घट्ट रोवलेला, अर्धं वळण झालेलं. हात सोडले तशी गाडी सरळ व्हायला लागली आणि पलीकडच्या कडेच्या पाटाकडे निघाली. मी घाबरून क्लच सोडला, ब्रेक दाबला, आणि मग तो आचका. पुढचं चाक पाटाच्या पाण्यात. साहेबांच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक होता, पण दुआ मागताना माणूस पाय वापरत नाही. त्यांनी ओमीन नीट पूर्ण केलं, हात खाली घेतले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "नापास."

"साहेब, हात तुम्हीही उचललेत की."

"मी चालवत नव्हतो, ताई."

"होसियतताई," मागून बोतिरदादा म्हणाले, "आपण कब्रस्तानाजवळून जाणार होतो. आत जायचं नव्हतं."

तो आचका माझ्या अंगातून गेलाच नाही. पीठ मळताना डावा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. चहा ओतताना उजवा हात किटलीचा कान सोडून हवेत काहीतरी पुढे ढकलायचा, सासूबाई भुवया उंचावून बघायच्या. मला राग यायचा, स्वतःचा आणि त्या जागेचा. परीक्षेला अख्खं शहर पडलंय, बाजारापाशी वळवा, स्टेशनापाशी वळवा, कापसाच्या गिरणीपाशी वळवा, पण नाही, यांना पूल, पुलाचा उतार आणि उताराच्या टोकाला कब्रस्तानाचं वळणच हवं. म्हणे तिथे माणसाला गाडी खरंच येते का ते कळतं. आणि त्या भिंतीच्या आत, तुतीच्या तिसऱ्या झाडाखाली, आमचे हे झोपलेत. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी त्यांना शुहरतचे बाबा म्हणायची, आणि ते मला थेट शुहरत म्हणायचे, थोरल्या मुलाच्या नावानं, जसे आमच्याकडचे सगळे पुरुष म्हणतात. अंगणातून "शुहरत!" अशी आरोळी आली की मी आणि मुलगा दोघंही धावायचो आणि ते म्हणायचे, "दोघं कशाला आलात, मला एकच चहा हवाय." गेल्या हिवाळ्यात दुपारचा चहा पिऊन ते माच्यावर आडवे झाले आणि उठले नाहीत. कुणाला त्रास नाही, धावपळ नाही. उतारावर इंजिन न लावता घरंगळत जावं तसे गेले. आयुष्यभर ते गाडीही तशीच चालवत आले होते.

कारण आमच्या ह्यांच्या लेखी गिअर ही श्रीमंतांची चैन होती. आमची जुनी पांढरी झिगुली, मागच्या डिकीत गॅसचं लांबलचक नळकांडं, त्यामुळे सामान सगळं मांडीवर. पुलाच्या माथ्यावर आलं की ह्यांचा हात दांड्यावर जायचा आणि खट्, न्यूट्रल. "आता फुकट," ते म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं की लग्नातसुद्धा मी ते पाहिलं नव्हतं. गाडी आपली उतारावरून सुसाट, इंजिन झोपलेलं, वळण समोर. वळणाच्या ऐन पोटात शिरल्यावर ते ब्रेक मारायचे, ऐन पोटातच गिअर शोधायचे, आणि ऐन पोटातच हात उचलून ओमीन करायचे. सासूबाई पुढे बसायच्या, त्यांचेही हात वर. मी मागे, तीन कलिंगडं आणि पोराला धरून, माझेही वर. मग मी कलिंगडं गोळा करत बसायची. कधी काही झालं नाही. कसं झालं नाही याचं उत्तर आत झोपलेल्या कुणालातरी माहीत असेल. मोहल्ल्यातले सगळेच पुरुष असेच चालवतात, एकमेकांना अभिमानानं सांगतात की मी गिरणीपासून चहाखान्यापर्यंत न्यूट्रलवर आलो. बोतिरदादांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "ताई, न्यूट्रलमध्ये आणि दाबलेल्या क्लचवर गाडी कुणाचीच नसते. इंजिननं तिला धरलेलं असतं, तुम्ही ते सोडवता. जे काय करायचं ते वळणाच्या आधी. आधी सिग्नल, आधी ब्रेक, आधी दुसरा गिअर, क्लच पूर्ण सोडायचा, आणि मग फक्त दोन हात आणि वळण. वळणात नवीन काम काढायचं नाही." एवढं बोलून ते स्वतः मला दाखवायला बसले, आणि पुलावर पोचल्यावर त्यांचा हात गेला, खट्, न्यूट्रल. "हे तुम्ही करायचं नाही," ते म्हणाले.

वळणात नवीन काम काढायचं नाही. मी रात्रंदिवस तेच घोकत होते आणि घोकता घोकता मला आमचा सगळा संसार दिसायला लागला. लग्न झालं तेव्हा मला कोकंदच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी लागत होती. सासूबाई म्हणाल्या, सून बाहेर जाणार नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. वळण होतं ते. ह्यांनी खट्कन न्यूट्रल टाकलं आणि म्हणाले, "बघू." पुलापाशी डावीकडे वळलं की माझ्या बहिणीचं गाव, जर्दाळूच्या बागेतलं. दरवेळी मी मागून म्हणायची, "डावीकडे घ्या ना जरा, ओयदिनला भेटून येऊ." ते म्हणायचे, "बघू, पुढच्या वेळी." आणि गाडी फुकटात घरंगळत घराकडे. डावं वळण घ्यायचं तर समोरून येणाऱ्यांसाठी थांबावं लागतं, पहिला गिअर टाकावा लागतो, गॅस जळतो. माणूस वाईट नव्हता हो. कधी हात उगारला नाही, कधी ताटावरून उठला नाही. सासूबाई आणि मी भांडलो की ते माच्यावर बसून टोपी डोळ्यांवर ओढायचे, आम्हा दोघींना वाटायचं ते आपल्या बाजूचे आहेत. मला त्यांचा राग येतो आणि त्यांची आठवण येते, आणि दोन्ही एकाच वेळी येतं. झिगुलीचं दार उघडलं की अजून त्यांचा वास येतो, गॅस, सूर्यफुलाच्या बिया आणि टोपीतला घाम. म्हणून मला ती गाडी हवी होती. त्या वासासाठी हवी होती, आणि डावीकडे वळण्यासाठीही.

पण गाडीवर डोळा होता माझ्या दिराचा. तोलिबभाऊजी हायवेला खरबुजं विकतात, आणि ह्यांचा चाळिसावा झाला त्याच संध्याकाळी त्यांनी टेप आणून झिगुलीची मागची सीट मोजली. "वहिनी, सीट काढली तर शंभर खरबुजं आरामात," ते म्हणाले, जणू मी गेली कित्येक वर्षं खरबुजांची जागा अडवून बसले होते. मी म्हटलं, गाडी मी चालवणार. भाऊजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"वहिनी, बाईमाणसाचे पाय क्लचसाठी नसतात."

"मग कशासाठी असतात, भाऊजी?"

त्यांनी विचार केला. "म्हणजे, चहाबिहा आणायला."

"मग चहा आज तुम्हीच आणा. तुमचे पाय मोकळे आहेत."

निवाडा सासूबाईंनी केला. आमच्या घरात निवाडे त्याच करतात, मुलगे फक्त मान हलवतात. म्हणाल्या, "परीक्षा पास झाली तर गाडी होसियतची. नापास झाली तर तोलिबच्या खरबुजांची. एकदा पडली तर पुन्हा एकदा देऊ दे. त्यापुढे मी ऐकणार नाही." रशियातून शुहरतचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "आई, ऑटोमॅटिकवर शीक ना, आता सगळे तेच घेतात." मी म्हटलं, "तुझ्या बाबांच्या गाडीला दांडा आहे, आणि मला तीच चालवायचीय." तो म्हणाला, "त्या वळणावर जपून." म्हणजे कलिंगडं त्यालाही आठवत होती.

आता उरली होती एकच परीक्षा. क्लच येत होता, दुसरा गिअर येत होता, आरशात बघणं येत होतं. प्रश्न हातांचा होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या ह्यांची मेल्यावरही गेली नाही, ती येऊन माझ्या हातांत बसली. बोतिरदादांनी मला हातमोजे घालून पाहिलं, स्टिअरिंगला रुमाल बांधून पाहिला, गाणं म्हणायला लावलं. गाणं म्हणत मी हात उचलले. शेवटी ते म्हणाले, "ताई, तुम्ही कब्रस्तानाकडे बघूच नका." अहो, बघावं लागतं का? डोळे मिटूनही मला कळतं तुतीचं तिसरं झाड कुठे आलं ते.

घरी मी अंगणात उभ्या असलेल्या झिगुलीत सराव करायची, इंजिन बंद, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. एके दिवशी त्या काठी टेकत आल्या, पुढचं दार उघडलं आणि आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. "चालव," म्हणाल्या.

"आई, गाडी बंद आहे."

"माहीत आहे. चालव. आता गिरणी आली."

मी तिसरा टाकला. त्या खिडकीतून कोंबड्यांकडे बघत रस्ता सांगायला लागल्या, आणि मला कबूल करायला हवं, रस्ता त्यांना माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. "चहाखाना आला. तो बघ, तो लंगडा अजून जिवंत आहे. पूल आला. उतार." मी सिग्नल दिला, ब्रेक दाबला, क्लच, दुसरा, क्लच सोडला. दोन हात स्टिअरिंगवर. "कब्रस्तान," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचे हात वर गेले. माझे स्टिअरिंगवरच राहिले, कारण मी दात खाऊन धरले होते. त्यांनी ओमीन केलं, तोंडावरून हात फिरवले आणि मग माझ्या हातांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"माझ्या मुलासाठी हात उचलणार नाहीस?"

"आई, परीक्षा आहे. हात सोडले तर नापास करतात."

"त्यानं आयुष्यभर सोडले."

"म्हणून तर मी आयुष्यभर कलिंगडं धरली."

त्या दार उघडून उतरल्या, काठी घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "त्या दिवशी मी तिथे उभी राहीन. बघते मी तुझे हात." म्हणजे आता हात उचलले तर साहेब नापास करणार आणि नाही उचलले तर सासूबाई. गाडी दोन्हीकडून खरबुजांची. अशा वेळी आमचे हे असते तर टोपी डोळ्यांवर ओढून म्हणाले असते, बघू. संध्याकाळभर मी माच्यावर बसून राहिले, त्यांच्या जागेवर, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ते घरंगळायचे तेव्हा त्यांना मजा येत नसेल. भीती वाटत असेल. आई एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, गिअर कुठला टाकावा कळत नसेल, म्हणून ते न्यूट्रल. आणि ज्या माणसाला वळणाची भीती वाटते तो वळणावर हात सोडून अल्लाच्या हवाली करून मोकळा होतो. मला त्यांची दया आली. मग पुन्हा राग आला, कारण मागे मी होते.

परीक्षेचा दिवस स्वच्छ उन्हाचा होता. तेच साहेब, तीच टोपी, मागे बोतिरदादा सूर्यफुलाच्या बिया सोलत. बाजारापाशी उजवीकडे वळले, दुसऱ्यात, सुंदर. शाळेपाशी डावीकडे वळायचं होतं. चौकाच्या मध्ये थांबले, समोरून एक ट्रक, एक गाढवगाडी, पुन्हा एक ट्रक, मागून भोंगे. पूर्वी मी घाबरून निघाले असते. थांबले. रस्ता मोकळा झाला तेव्हा पहिल्यात निघाले, क्लच सोडला आणि वळले. मग गिरणी, चहाखाना, लंगडा खरंच होता तिथे. आणि पूल.

पुलाच्या माथ्यावर माझा उजवा हात दांड्यावर गेला. तिथे त्यांचा हात असल्यासारखं वाटलं मला, खरंच, ढकलणारा, खट्, आता फुकट. मी म्हटलं, नाही. सिग्नल. ब्रेक, हळू, उतारभर. क्लच, दुसरा, क्लच सोडला, पूर्ण, टाच खाली टेकेपर्यंत. इंजिन गुरगुरलं आणि मागून कुणी आपला झगा धरून ठेवावा तशी गाडी धरली गेली. ती आता कुणाची तरी होती. उरलं फक्त वळण आणि दोन हात. कोपऱ्यावर, कब्रस्तानाच्या फाटकापाशी, सासूबाई उभ्या. हिरवा रुमाल, काठी काखेत, दोन्ही तळवे वर. शेजारी तोलिबभाऊजी, तेही तळवे वर, पण डोळे पाटाकडे, चाक कुठे पडतंय बघायला. शेजारी साहेबांचे हात वर. आरशात बोतिरदादांचे वर, बियांसकट. अख्ख्या कोकंदचे हात त्या क्षणी वर होते. माझे तळवे जळायला लागले, बोटं आपोआप सुटायला लागली, आणि तुतीचं तिसरं झाड खिडकीत आलं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि मोठ्यानं म्हटलं, "थांबा हो. आधी वळून घेते."

गाडी वळली. आपल्या बाजूनं, पाटापासून लांब, एखाद्या सभ्य बाईसारखी. मी तिसरा टाकला. साहेबांनी हात खाली घेतले.

"कुणाशी बोललात?"

"नवऱ्याशी."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. बोतिरदादांनी घाईघाईनं मान हलवली, मी नव्हे. मग साहेबांना भिंतीकडे बघून काहीतरी कळलं. पुढच्या चौकापाशी ते जरा रागावूनच म्हणाले, "तरी पण, ताई. आपला माणूस तिथे, आणि हात उचलला नाहीत?"

"साहेब, तुम्ही उचललात, बोतिरदादांनी उचलले. गाडीत कुणाचे तरी दोन खाली नकोत का? त्यांना माहीत आहे मला दोनच आहेत."

"पास," साहेब म्हणाले, आणि टोपी काढून कपाळ पुसलं.

घरी आले तर अंगणात झिगुलीची मागची सीट तुतीला टेकून उभी होती आणि गाडीत काठोकाठ खरबुजं. भाऊजींनी माझे हात पाहिले होते, आईंचं तोंड पाहिलं होतं, आणि हिशेब करून टाकला होता. पास झाले म्हटल्यावरही ते हलले नाहीत. "पास कागदावर झालात, वहिनी," म्हणाले, "पण आई तुमच्याशी बोलणार नाही आता. माझ्या भावासाठी हात नाही उचलला तुम्ही." खरंच नव्हता उचलला. सासूबाई माच्यावर बसल्या होत्या, मुलाच्या जागी, चहाची वाटी दोन्ही हातांत धरून. माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, आता टोपी असती तर त्यांनीही डोळ्यांवर ओढली असती.

"मी पाहिले तुझे हात," त्या वाटीत बघून म्हणाल्या.

"हो, आई."

"तो असता तर त्यानं उचलले असते."

"हो, आई."

"आणि मला पाटात घातलं असतं." त्यांनी वाटी खाली ठेवली. "इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी बसले. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता मेले. मी त्याच्यासाठी ओमीन करत नव्हते गं. माझ्यासाठी करत होते." मग त्यांनी मान वर केली आणि दिराकडे बघितलं. "तोलिब, खरबुजं उतरव."

"आई, शंभर आहेत!"

"मग लवकर सुरू कर."

सीट पुन्हा बसेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. किल्ली कमरेची सोडून त्यांनी माझ्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर नेहमीच्या जागी बसल्या. "आधी त्याच्याकडे," म्हणाल्या, "मग तुझ्या बहिणीकडे. उशीर झाला तर झाला." गाडीत खरबुजांचा वास भरला होता आणि त्याच्याखाली, थोडासा, त्यांचा. गिरणी, चहाखाना, आणि पूल. उतारावर मी ब्रेक दाबला, दुसरा टाकला, क्लच सोडला. सासूबाई समोर बघत होत्या, ताठ, ओठ मिटून. त्यांचे हात मला दिसेनात. वळताना पाहिलं तर त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घालून, वर अंग टाकून, दाबून धरले होते.

फाटकापाशी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकून ठेवला, उतार होता म्हणून.

"झालं का तुझं सगळं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं, आई."

"मग उचल."